राहुलाचे भांडे आणि आपले घर



आपल्यापैकी पुष्कळांना धम्मदीक्षा घेऊन फार दिवस झालेले नाहीत. त्रिशरण-पंचशील मुलांनासुद्धा पाठ झाले आहे. बावीस प्रतिज्ञांचा तक्ता भिंतीवर लागला आहे. कोनाड्यातले जुने देव गेले, अंगारे-धुपारे गेले, नवस बंद झाले. तरी एक जुनी वस्तू घरात तशीच राहिली आहे काय, असे मी आज आपल्याला विचारणार आहे. ती वस्तू म्हणजे आपला हात. लेकरावर उठणारा हात.

हा प्रश्न मी दुसऱ्याकडे बोट दाखवून विचारीत नाही. आधी माझ्याच घरची हकिगत सांगतो.

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमचे गाव आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते आणि रविवारी मी थोडे निरूपण करतो. त्या रविवारी अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तावर बोलायचे ठरले होते. आठवडाभर खपून एका वहीत टिपणे काढली होती.

रोवणीचे दिवस. तीन दिवस पावसाची झड लागलेली. आमच्याकडे बाया पाळीपाळीने एकमेकींच्या बांधीत रोवणी करतात. त्या दिवशी पाळी शेजारणीच्या बांधीची होती, म्हणून माझी पत्नी पहाटेच भाजीभाकर बांधून गेली. शाळा बंद, अंगणवाडी बंद. त्यात आदल्या दिवशी नाल्याच्या काठी वाघाचे पगमार्क दिसले होते आणि वनरक्षकाने लेकरांना बाहेर सोडू नका असे घरोघर सांगितले होते. म्हणजे आठ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची धाकटी, ओसरीत माझी म्हातारी आई, आणि मी. मला वाटले, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. मुले खेळतील, मी टिपणे पक्की करीन.

दहा वाजेपर्यंत मी वही चार वेळा उघडली आणि चार वेळा मिटली. धाकटीने वरणाचा गंज लवंडला. पुसून होते तोवर तिने चुलीजवळची राख अंगावर घेतली. मोठीला परसात जायचे होते, बाहेर जायला मनाई. मुलगा दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन पावसात हात घाली. मी एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा म्हणालो, "बाहेर पाय टाकलास तर वाघ नेईल तुला. मी बोलावतो त्याला." तो आत येऊन गप्प बसला. मला बरे वाटले. उपाय लागू पडला, असे मनाशी म्हणालो.

दुपारी धाकटी किरकिर करू लागली. तिला खांद्यावर घेऊन मी फेऱ्या घातल्या. ती झोपल्यावर मागे वळून पाहतो तर वळचणीच्या पाण्यात कागदाच्या नावा तरंगत होत्या. कागद माझ्या वहीचे होते. हात उगारून मी विचारले, "कोणी फाडली?" मुलगा म्हणाला, "मी नाही." समोर नावा, हातात फाटकी वही, आणि म्हणे मी नाही! मी त्याच्या गालावर मारली. जोरात मारली.

ओसरीतून आई एवढेच बोलली, "हात तं तुह्या बापाचाच हाये."

मुलगा धानाच्या कोठीमागे जाऊन बसला. रडण्याचा आवाज नाही. बऱ्याच वेळाने मी वाकून पाहिले, तर भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मला पाहून म्हणाला, "बाबा, मीच फाडली. पन वाघाले सांगू नका."

बंधू-भगिनींनो, ज्या वहीची पाने फाटली होती त्या वहीत काय लिहिले होते, ते आता सांगतो.

भगवंतांनी राहुलाला कसे शिकविले

राहुल हा तथागतांचा मुलगा. लहान वयातच तो श्रामणेर झाला होता आणि राजगृहाजवळ अम्बलट्ठिका येथे राहत होता. एके दिवशी सायंकाळी भगवान त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले. ते दाखवून त्यांनी विचारले की, एवढेसे पाणी उरलेले तुला दिसते काय? जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच उरते. मग ते पाणी फेकून दिले. त्याचे श्रमणपण असे फेकले जाते. मग भांडे पालथे केले, मग सुलटे करून रिकामे दाखविले. बस्स. आवाज चढविला नाही, हात उचलला नाही, भीती घातली नाही. घरातले एक भांडे घेतले आणि मुलाला जन्मभर पुरेल असा धडा दिला.

पुढे त्यांनी विचारले की, आरसा कशासाठी असतो? राहुलाने उत्तर दिले की, पाहण्यासाठी. तेव्हा भगवान म्हणाले की, कायेने, वाचेने, मनाने जे कर्म करशील ते असेच पाहून करीत जा. करण्यापूर्वी पाहा, करीत असताना पाहा, करून झाल्यावरही पाहा. याने मला दुःख होईल काय? दुसऱ्याला होईल काय? दोघांना होईल काय? होणार असेल तर करू नकोस. सुरू केले असेल तर तिथेच थांब. करून बसला असशील तर शास्त्यापुढे किंवा शहाण्या सोबत्यापुढे उघड सांग आणि पुढे सावध राहा.

हे सुत्त मज्झिम निकायात आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात काही धम्मग्रंथांची नावे कोरून ठेवली आहेत. भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत, अशी त्याने इच्छा प्रकट केली आहे. त्या नावांत खोटे बोलण्यासंबंधी राहुलाला केलेला हा उपदेश आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याला बापाने मुलाशी केलेले हे बोलणे दगडावर नोंदविण्याइतके मोलाचे वाटले!

आणि मी? खोटे बोलू नये, या विषयाची टिपणे मुलाने फाडली म्हणून त्याला मारले, आणि मारण्याआधी स्वतःच त्याच्याशी खोटे बोललो. वाघाला मी बोलावू शकतो काय? आमच्या भागात वाघ गोष्टीतला नाही. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलात वाघ आहे, बिबट आहे, अस्वल आहे. अंधारात एकट्याने जाऊ नये, नाल्यात वाकून बसू नये, मोठ्या माणसाची सोबत धरावी, हे खरे ज्ञान आमच्या लेकरांना लागते. मी त्या खऱ्या ज्ञानाचा बागुलबुवा करून टाकला. आता मुलाच्या मनात वाघ हा बापाचा नोकर झाला. याला चौथ्या शीलाचा भंग म्हणावा, नाहीतर काय म्हणावे?

दुसरी गोष्ट. तो खोटे का बोलला? मी हात आधी उगारला आणि प्रश्न मागून विचारला. उगारलेल्या हातापुढे पाच वर्षांचे मूल खरे कसे बोलेल? ते खोटे त्याने भीतीपोटी उच्चारले, आणि ती भीती मी घातली होती.

हा हात कुठून आला?

आईचे वाक्य माझ्या मनातून जाईना. माझे वडील शेतमजूर होते; तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात राबत. ते मारीत. त्यांना त्यांचा बाप मारी. आजोबा मालगुजाराकडे कामाला होते. मालगुजारी १९५१ साली गेली, पण तोपर्यंतचे त्यांचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या दारात मान खाली घालून गेले. तिथे ज्याच्यावर ओरडले जाई त्याला उलटून बोलण्याची सोय नव्हती. तो अपमान पोटात घेऊन माणूस घरी येई. घरी त्याच्याहून दुबळी दोनच माणसे, बायको आणि लेकरू. मालगुजाराच्या वाड्यावरची थप्पड आमच्या झोपडीत अशी उतरली. मालगुजार गेला, वाडा पडला, आजोबा गेले, वडील गेले. थप्पड मात्र पदवीधर मास्तरच्या हातापर्यंत येऊन पोचली!

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्माची दीक्षा दिली ती मान ताठ करण्यासाठी. १९४२ च्या जुलैत नागपूरलाच भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी आयाबहिणींना सांगितले होते की, मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा निर्माण करा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका. ज्या मुलाची मान आपण घरात रोज खाली घालायला लावतो, ते उद्या साहेबापुढे ताठ मानेने उभे राहील, अशी आशा आपण कशाच्या बळावर धरतो?

मग मुले धाकात कशी राहतील?

त्या संध्याकाळी मी विहारात टिपणांशिवाय गेलो आणि घडले ते जसेच्या तसे सांगितले. सुत्ताची शेवटची पायरी तीच होती, करून बसला असशील तर उघड सांग. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एक उपासक म्हणाले, "मास्तर, मारायचे नाही, भीती घालायची नाही, तर लेकरे धाकात कशी राहतील?"

प्रश्न खरा आहे. त्याला टाळून चालणार नाही. मोकाट सोडणे म्हणजे प्रेम, असे भगवंतांनी कुठेही सांगितलेले नाही. सिगालोवाद सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: मुलांना पापापासून आवरणे, चांगल्याकडे लावणे, विद्या-कला शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे, वेळ आली की वारसा हाती सोपविणे. यांत आवरणे हेच पहिले आहे. मूल विस्तवाकडे धावले तर हात धरून ओढावेच लागते. पण आवरणे वेगळे आणि मारणे वेगळे. आवरताना डोळा मुलाच्या हितावर असतो. मारताना आपल्या रागावर असतो. मी मारले तेव्हा वही काही परत जुळली नाही, फक्त माझा राग उतरला.

श्रावस्तीजवळ काही मुले मासोळ्यांना छळीत होती, अशी एक हकिगत उदानात आहे. आपल्या बोडीवर पावसाळ्यात मुले करतात तसेच. तथागतांनी त्यांना विचारले की, बाळांनो, तुम्हाला दुःखाची भीती वाटते काय? दुःख तुम्हाला नकोसे वाटते काय? मुले हो म्हणाली. मग त्यांनी सांगितले की, दुःख नको असेल तर वाईट कर्म करू नका, उघड नाही आणि लपूनही नाही. पाहा, आधी प्रश्न, मग मुलांचे उत्तर, मग उपदेश. मूल स्वतः हो म्हणते तेव्हा ती गोष्ट त्याची होते. माराने ती आपलीच राहते, आणि आपण पाठ फिरवली की संपते.

सोण नावाच्या भिक्खूला भगवंतांनी वीणेचे उदाहरण दिले. तार फार ताणली तरी सूर नाही, फार ढिली सोडली तरी सूर नाही. लेकरांचे असेच आहे. नियम थोडे असावेत, रोज तेच असावेत, आणि ते आपणही पाळावेत.

शाळेत छडी नको, हे तर आता कायद्याने ठरले आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे सतरावे कलम मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा तो होताच. वर्गातल्या तीस मुलांपुढे जो हात आवरतो, तो घरातल्या तिघांपुढे सुटतो. याचा अर्थ हात आवरता येतो. घरात विचारणारे कोणी नसते, एवढाच फरक. तिथे विचारणारे शील पाहिजे.

जड दिवस आला तर

दिवस जड जाणारच. उपासकाच्या घरी मुले रडत नाहीत, असे नाही. मूल फार रडले की पूर्वी आपण म्हणत असू, दृष्ट लागली, बाहेरचे झाले. मीठ-मिरची ओवाळा, भगताला बोलवा. कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून कारण शोधावे. भूक लागली काय? झोप आली काय? अंग तापले काय? पोट दुखते काय? भ्याले काय? की सकाळपासून कोणी त्याच्याकडे नीट पाहिलेच नाही? बहुधा कारण इथेच सापडते. माझ्या मुलाला तीन दिवस घरात कोंडले होते आणि बापाचे डोळे वहीत होते. त्याने नेमकी वहीच फाडली, यात नवल ते काय!

राग चढू लागला, असे कळताच धाकट्या लेकराला सुरक्षित जागी बसवावे आणि स्वतः चार पावले दूर जावे. पाणी प्यावे. आनापानाचा अभ्यास विहारात शिकलो तो याच वेळेसाठी आहे. दहा श्वास येताना-जाताना पाहावेत. भगवंतांनी रागाला भरधाव सुटलेल्या रथाची उपमा दिली आहे. तो आवरील तोच खरा सारथी, बाकीच्यांच्या हाती नुसते लगाम. मग मुलाच्या उंचीला खाली बसून थोडक्यात, खरे तेच बोलावे.

एकट्याने सारे ओढू नये. शेजारची आजी तासभर मूल सांभाळू शकते, विहारातल्या तरुण मुली पावसाळ्यात लहानांना गोष्टी सांगू शकतात. संघ म्हणजे केवळ वंदनेला जमणे नव्हे. आणि बाळंतपणानंतर एखाद्या आईचे मन आठवडे-आठवडे उदास राहिले, झोप गेली, आपल्याच लेकराचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर तिला दोष देऊ नये, एकटे सोडू नये, भगताकडे नेऊ नये. तो आजार आहे. आशाताईला सांगून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टरकडे न्यावे.

पुरुषांसाठी दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. त्या दिवशी पत्नी दिवस बुडताना परतली. गुडघ्यापर्यंत चिखल, बोटे पाण्याने पांढरी पडलेली. मी माझ्या दिवसाचे रडगाणे सांगितले. ती म्हणाली, "माझा तर रोजचाच दिवस असा असतो." तिने ते रागाने म्हटले नाही, म्हणून अधिक लागले. मी एका दिवसात थकून हात उचलला; ती असे दिवस रोज काढते आणि वर रोवणीही करते. त्या रात्री भात मी शिजविला. त्यात मोठेपणा काहीच नाही. उशीर मात्र झाला होता.

माता रमाईंची आठवण अशा वेळी ठेवावी. बाबासाहेब न्यूयॉर्कला, लंडनला शिकत होते तेव्हा इकडे दारिद्र्यात संसार त्यांनी ओढला. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली राजरत्न, अशी चार लेकरे त्या माउलीने गमावली. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे परिनिर्वाण झाले. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला आणि तिच्या धीराची, सोसण्याची नोंद त्यात केली. पण बाबासाहेब केवळ गौरव करून थांबले नाहीत. कामकरी बाईला बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून १९२८ साली ते मुंबई कौन्सिलात बोलले. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला, तरी बाईच्या अंगावरचे ओझे हा सभागृहाचा विषय झाला. रमाईच्या तसबिरीला हार घालून घरातल्या बाईला एकटीला राबू देणे, हे आपल्याला शोभत नाही. आणि ज्या घरी बाप पिऊन येतो, तिथे मुलांच्या शिस्तीची चर्चाच करू नये. आधी पाचवे शील पाळावे.

शेवटी, चूक झाली तर काय? चूक होईल. मी कोठीमागे जाऊन मुलाजवळ बसलो. वाघ माझे ऐकत नाही, मी खोटे बोललो, असे त्याला सांगितले. मारले ते चुकले, हेही सांगितले. वही फाडणे चूक होते, हे त्यानेच नंतर कबूल केले. बापाने लेकराची माफी मागितली तर धाक जातो, असे आपल्याला शिकविले गेले आहे. मला तसा अनुभव नाही. आता तो चूक करतो तेव्हा सांगायला येतो. नेहमी नाही, पण येतो.

मात्र त्या रात्री त्याला लघवीला बाहेर जायचे होते, तर तो उंबरठ्याशी अडला आणि माझा हात घट्ट धरला. सांगितलेले खोटे एका माफीने पुसले जात नाही. ते पुसायला मला कित्येक रात्री त्याच्याबरोबर कंदील घेऊन अंगणात उभे राहावे लागले.

उपासक-उपासिकांनो, दिवे मालवण्यापूर्वी मुलांना जवळ घेऊन त्रिशरण-पंचशील म्हणण्याची चाल आपण आपल्या घरी पाडली आहे. त्याला एक जोड द्या. म्हणून झाल्यावर, मुलांसमोरच, त्या दिवशी आपल्या हाताने आणि जिभेने काय केले ते राहुलाच्या आरशात एकदा पाहा. माझे पाहणे रोज चालू आहे. तुमचेही चालू राहो.

भवतु सब्ब मंगलं.

नमो बुद्धाय! जय भीम!